ग्रुपवर टाकलं म्हणजे कळवलं नव्हे

‘मेल कोण बघतं हो आता? ग्रुपवर टाका.’ बदलापूर ते वांगणी या पट्ट्यातल्या सोसायट्यांच्या सभांमध्ये हे वाक्य हटकून ऐकू येतं, आणि बोलणाऱ्याला आपण काळाबरोबर असल्याचं समाधानही मिळतं. गच्चीच्या गळतीची तक्रार ग्रुपवर, टँकरचा हिशेब ग्रुपवर, बिल्डरने तोंडी दिलेली नवी तारीख ग्रुपवर, सर्वसाधारण सभेची नोटीससुद्धा ग्रुपवर. मेल म्हणजे ऑफिसात बसणाऱ्यांचं, इंग्रजी लिहिणाऱ्यांचं, जाहिरातींनी तुंबलेलं एक जुनं खातं, असा हा समज आहे. तो चुकीचा आहे. त्याची किंमत या पट्ट्यातल्या माणसाला इतरांपेक्षा जास्त मोजावी लागते, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवं.

समोरच्याच्या म्हणण्यात जे खरं आहे ते आधी मान्य करतो. २०१९ च्या जुलैत, २६ तारखेच्या रात्री मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणी यांच्यामध्ये, चामटोलीजवळ, उल्हास नदीच्या पुरात अडकली. आत हजाराहून अधिक प्रवासी, रुळांवर पाणी, बाहेर काळोख. उजाडल्यावर एनडीआरएफच्या बोटी आल्या, नौदल आलं, हेलिकॉप्टर आली, आसपासच्या गावांतली माणसं मदतीला धावली आणि २७ तारखेच्या दुपारपर्यंत सगळे प्रवासी सुखरूप बाहेर निघाले. त्या रात्री कामाला आला तो फोन. डब्यांतून पाठवलेले व्हिडिओ आणि निरोप क्षणात सगळीकडे पोचले. अशा वेळी मेल लिहीत बसायला कुणी सांगणार नाही. लिफ्टमध्ये माणूस अडकला, पंप जळला, नदीचं पाणी वाढतंय, या गोष्टी ग्रुपवरच जायला हव्यात, त्याही ताबडतोब.

पण पूर ओसरतो. मग पंचनामा होतो, विमा कंपनी विचारते की गाडी पाण्यात गेल्याची सूचना कोणत्या तारखेला दिली, सोसायटीच्या भिंतीची दुरुस्ती कोण करणार यावर पत्रव्यवहार सुरू होतो, आणि वर्षभराने कुणीतरी म्हणतं, ‘असं काही ठरलंच नव्हतं.’ संकटाची रात्र एक असते, त्यानंतरचा हिशेब वर्षानुवर्षं चालतो. पहिल्या कामाला ग्रुप उत्तम आहे म्हणून तोच दुसऱ्या कामालाही चालेल, हे गृहीत धरणं इथेच चुकतं.

बदलापूरची वस्ती वांगणीच्या दिशेने सरकते आहे. मुंबईत घर परवडत नाही म्हणून इथे आलेल्या कुटुंबांनी साठवलेलं सगळं आणि वर पंधरा-वीस वर्षांचं कर्ज एका फ्लॅटमध्ये ओतलेलं असतं. त्या फ्लॅटचा जो करार सब-रजिस्ट्रारसमोर नोंदवला जातो, तो एकदा काढून वाचा. रेरा कायद्याखाली महाराष्ट्राने २०१७ मध्ये जे नियम केले, त्यांच्यासोबत विक्रीकराराचा एक नमुना आहे. त्या नमुन्यात नोटिसा कशा द्यायच्या याचं कलम आहे आणि त्यात रजिस्टर पोस्टाच्या जोडीला कळवलेल्या ईमेल पत्त्याचा उल्लेख आहे. पक्षकारांच्या पत्त्याखाली ईमेलची रिकामी ओळ ठेवलेली असते. त्याच नमुन्यात हप्ते वारंवार थकले तर करार रद्द करण्याआधी बिल्डरने पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यायची आहे, आणि तीही घेणाऱ्याने दिलेल्या टपाल पत्त्यावर व ईमेलवर. व्हॉट्सॲपचा तिथे शब्दही नाही.

आता या कलमाशेजारी माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मधलं कलम १३ ठेवा. इलेक्ट्रॉनिक संदेश पोचला असं कधी मानायचं, हे ते कलम सांगतं. दोन्ही बाजूंनी वेगळं काही ठरवलेलं नसेल, आणि घेणाऱ्याने संदेशासाठी एखादी ठरावीक जागा नेमून दिली असेल, तर संदेश त्या जागी शिरला की तो मिळाला. तुम्ही तो उघडला का, वाचला का, समजला का, असं कायदा विचारत नाही. ‘मेल कोण बघतं?’ या प्रश्नाला याहून सरळ उत्तर नाही. तुम्ही बघा अथवा न बघा, तुमच्याच सहीने तुम्ही ती जागा नेमून दिली आहे.

आणि त्या ओळीत पत्ता कुणाचा असतो? घाईत सही करणाऱ्या कुटुंबाकडे मेल नसतो किंवा आठवत नाही, मग एजंट म्हणतो, ‘माझा टाकतो, काळजी नको.’ कधी कर्ज करून देणाऱ्याचा, कधी नोकरी बदललेल्या मुलाचा कंपनीतला पत्ता, जो त्याने राजीनामा दिला त्याच संध्याकाळी बंद झाला. त्यानंतर येणारी मागणीपत्रं, ताब्याची पत्रं, नोटिसा सगळं तिथे जातं. कुटुंबाला मात्र वाटत असतं की बिल्डरचा माणूस ग्रुपवर आहे, म्हणजे सगळं कळतंय.

विरोधकांच्या बाजूचा एक भक्कम मुद्दा मी लपवणार नाही. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका वसुलीच्या प्रकरणात व्हॉट्सॲपवर पाठवलेली नोटीस बजावली गेल्याचं मान्य केलं होतं. संदेश पोचल्याचं आणि सोबतची फाइल उघडल्याचं व्हॉट्सॲपवरच्या खुणांवरून दिसत होतं. म्हणजे व्हॉट्सॲपला पुरावा म्हणून काही किंमतच नाही, असं म्हणणारा खोटं बोलतो. कायद्याच्या नजरेत मेल आणि व्हॉट्सॲप दोन्ही इलेक्ट्रॉनिक नोंदीच आहेत आणि दोन्हींना प्रमाणपत्र लागतं. जालन्याच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीवरून निघालेल्या अर्जुन खोतकर यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी ते पुन्हा बजावलं: मूळ उपकरणच कोर्टात आणणार नसाल, तर इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र हवं. तो वादही वेळेचाच होता, उमेदवारी अर्ज मुदतीत आला की मुदत टळल्यावर. १ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला, तरी त्याच्या कलम ६३ ने ही अट कायम ठेवली आहे.

मग फरक कशात? टिकण्यात. सहा वर्षांनी प्रमाणपत्र द्यायला हातात मूळ नोंद शिल्लक असली पाहिजे. व्हॉट्सॲपवर पाठवणारा दोन दिवसांनंतरही आपला संदेश सर्वांच्या फोनमधून काढून घेऊ शकतो, पंधरा मिनिटांच्या आत त्यातला मजकूर बदलू शकतो, आणि कुणीतरी संदेश आपोआप नाहीसे होण्याची सोय चालू केली की २४ तास, सात दिवस किंवा नव्वद दिवसांत संवाद पुसला जातो. फोन पाण्यात पडला, बॅकअप नव्हता, संपलं. पाठवलेला मेल घेणाऱ्याच्या खात्यातून पाठवणाऱ्याला असा काढून नेता येत नाही. कुणी, कुणाला, कोणत्या विषयावर, किती वाजता, सोबत कोणता कागद जोडून लिहिलं, हे सारं एकत्र राहतं, आणि फोन बदलला तरी राहतं. आपल्या घरांत पत्र्याची एक ट्रंक असायची, सातबारा, रेशनकार्ड, मुलांचे दाखले तिच्यात. मेलबॉक्स त्या ट्रंकेच्या जागी आला आहे. त्याला गप्पांच्या कट्ट्याशी ताडून पाहणं आणि ‘इथे मजा नाही’ म्हणून सोडून देणं, यात सगळा गोंधळ आहे.

बँकेचं उदाहरण तर रोजचं. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये एकात्मिक लोकपाल योजना आणली. तिथे थेट जाता येत नाही. आधी बँकेकडे लेखी तक्रार करावी लागते, आणि ती फेटाळली गेली, उत्तर समाधानकारक नसलं किंवा ३० दिवसांत उत्तरच आलं नाही, तर पुढचं दार उघडतं. ३० दिवस कुठून मोजणार? शाखेत जाऊन काउंटरवरच्या साहेबांना सांगितलं होतं, यातून तारीख निघत नाही. खात्यातून कुणी परस्पर पैसे काढले तर ते कळवण्याच्या दिवसावर ग्राहकाची जबाबदारी किती, हे ठरतं. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही अशा प्रकारात तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर काहीच बोजा येत नाही, चौथ्या दिवसापासून येऊ लागतो. आधी फोन करून कार्ड बंद करा, हे बरोबरच. पण त्याच तासात चार ओळींचा मेलही टाका: खाते क्रमांकाचे शेवटचे चार आकडे, रक्कम, वेळ, ‘हा व्यवहार मी केलेला नाही’. पुढच्या सगळ्या भांडणाचा पाया त्या चार ओळी असतात.

आता त्या आक्षेपाकडे वळतो, जो मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतो. ‘हे सगळं शिकलेल्यांसाठी. गावातल्या माणसाला मेल कशाला?’ चामटोलीच्या आजूबाजूच्या पाड्यांवरचा मुलगा बारावी होतो. सीईटीचा अर्ज, नीटचा अर्ज, महाडीबीटीची शिष्यवृत्ती, प्रत्येक ठिकाणी मेल विचारतात. मग तो सायबर कॅफेत किंवा सेवा केंद्रात जातो. तिथला माणूस खातं उघडून देतो, पासवर्ड स्वतःच्या वहीत लिहितो, आणि खातं परत मिळवण्यासाठी लागणारा मोबाइल नंबरही कधी स्वतःचाच घालतो. त्याचा हेतू वाईट नसतो, पंचवीस पोरं रांगेत उभी असतात. पण त्या क्षणापासून मुलाचं प्रवेशपत्र, शिष्यवृत्तीच्या त्रुटींचा निरोप, प्रवेशाच्या फेरीची सूचना हे सारं दुसऱ्याच्या हाती. पुढच्या वर्षी तो नवं खातं काढतो. जुनं दोन वर्षं कुणी उघडलंच नाही, तर निष्क्रिय खाती हटवण्याचं गूगलचं धोरण डिसेंबर २०२३ पासून अमलात आहे, ते त्या खात्यालाही लागू पडतं.

म्हणजे ज्या माणसाला ‘मेल कशाला’ म्हणून बाजूला सारलं, त्याच्या नावाने मेल आहेच. फक्त त्याची चावी त्याच्याकडे नाही. हा आळस किंवा अडाणीपणा नाही, त्याला कुणी सांगितलं नाही एवढंच. शाळेच्या नववी-दहावीत एक तास या कामासाठी काढता येणार नाही का? स्वतःच्या नावाचा पत्ता, स्वतःचा किंवा आई-वडिलांचा नंबर, घरच्या वहीत पासवर्ड, आणि महिन्यातून एकदा तरी खातं उघडायची सवय. माझ्या मते मेल नीट वापरण्याची सुरुवात इथून होते. बाकीच्या युक्त्या नंतरच्या.

भाषेची अडचणही अशीच खोटी. राज्य शासनाचा कारभार मराठीत चालावा यासाठी १९६४ पासून राजभाषा अधिनियम आहे, आणि २०२२ मध्ये नगरपरिषदा, महापालिका, जिल्हा परिषदा यांच्यासाठीही तसाच कायदा झाला. कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेला, तहसीलदार कार्यालयाला, पंचायत समितीला मेल देवनागरीत लिहा. फोनवर तुम्ही रोज मराठीत टाइप करता, बोलूनही लिहिता, तेच बोट इथे चालतं. ‘डिअर सर’ने सुरुवात केली नाही म्हणून कुणी अर्ज नाकारू शकत नाही.

राहिला पसारा. हा आरोप खरा आहे. हजारो न वाचलेले मेल, त्यांत कपड्यांचे सेल आणि कर्जाची आमिषं, आणि मध्येच कुठेतरी महावितरणचं बिल. पण यावर जो उपाय सगळीकडे सांगितला जातो, म्हणजे प्रत्येक विषयाला वेगळं फोल्डर करा, रोज रात्री इनबॉक्स रिकामा करा, त्यालाही माझा विरोध आहे. पोळ्या लाटून, लोकलचा दीड तास उभ्याने काढून घरी आलेल्या बाईला रात्री मेल लावत बसायला सांगणं हा सल्ला नाही, शिक्षा आहे. आणि ती वायाही जाते. २०११ मध्ये स्टीव्ह व्हिटेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३४५ जणांनी जुने मेल पुन्हा कसे शोधले याचा अभ्यास केला. शोधण्याच्या ८५ हजारांहून अधिक कृती त्यांनी तपासल्या. ज्यांनी मेहनतीने फोल्डरांची उतरंड रचली होती, त्यांना मेल सापडण्यात त्याचा फायदा झालेला दिसला नाही. नुसता शब्द टाकून शोधणं अधिक सोयीचं ठरलं.

तेव्हा मेल लावण्यात मेहनत न घालवता ती मेल लिहिण्यात घाला. मेल सापडतो तो विषयाच्या ओळीमुळे. ‘महत्त्वाचे’, ‘तक्रार’, ‘नमस्कार’ असे विषय दोन वर्षांनी कुणालाही सापडत नाहीत. ‘बी विंग ४०३, गच्चीची गळती, जून’ असं लिहिलं की ते कधीही सापडेल, तुम्हालाही आणि पुढच्या सेक्रेटरीलाही. एका मेलमध्ये एकच विषय. गळती, पार्किंग आणि वॉचमनची वागणूक एकाच पत्रात लिहिली की उत्तर फक्त वॉचमनबद्दल येतं. जुन्याच विषयावर बोलायचं तर जुन्याच मेलला उत्तर द्या, म्हणजे साखळी तुटत नाही. फोटो जोडला तर तो कशाचा, कधीचा, हे मजकुरात लिहा, कारण शोधताना शब्द सापडतात, भिंतीचा ओलावा सापडत नाही. सगळ्या सभासदांना पाठवायचा मेल असेल तर पत्ते बीसीसीमध्ये घाला. शंभर कुटुंबांचे पत्ते एकमेकांना वाटण्याचा अधिकार कमिटीला कुणी दिलेला नाही.

जाहिराती पुसत बसू नका, त्यांचा उगम बंद करा. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलवर दिवसाला पाच हजारांहून अधिक मेल पाठवणाऱ्यांना जाहिरातींच्या मेलमध्ये एका टिचकीत नाव कमी करण्याची सोय देणं बंधनकारक आहे. ती टिचकी मारा. एका रविवारी अर्धा तास हे केलं तर महिनाभरात खात्याचा चेहरा बदलतो. आणि दिवसभर खातं उघडून बसण्याचीही गरज नाही. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या कोस्तादिन कुश्लेव आणि एलिझाबेथ डन यांनी १२४ जणांवर केलेला प्रयोग २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. दिवसातून तीनदाच मेल पाहण्याच्या आठवड्यात लोकांचा ताण कमी झाला होता. आपल्या घरगुती कामांना तर दिवसातून एकदा पुरे.

जागेची एक गोष्ट मात्र तातडीने बघा. गूगलच्या फुकट खात्यात १५ जीबी जागा मिळते आणि ती मेल, ड्राइव्ह, फोटो यांत वाटलेली असते. २०२४ मध्ये अँड्रॉइड फोनवरचा व्हॉट्सॲपचा बॅकअपही त्याच मापात धरला जाऊ लागला. जागा भरली की नवे मेल येणं थांबतं, ते पाठवणाऱ्याकडे परत जातात. म्हणजे ग्रुपवरच्या सुप्रभातच्या चित्रांनी आणि लग्नाच्या व्हिडिओंनी ती जागा व्यापली, तर बँकेची सूचना आणि बिल्डरचं पत्र दारातूनच माघारी. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये बॅकअपमधून व्हिडिओ वगळता येतात. ते आज करा.

वीजबिलाचा कागद बंद करून ते मेलवर घेतलं तर महावितरण ‘गो ग्रीन’ योजनेत बिलामागे दहा रुपये सवलत देतं. रक्कम छोटी आहे, पण पत्त्याचा पुरावा म्हणून लागणारी जुनी बिलं एका जागी सापडतात, हा त्याहून मोठा लाभ. जुना फ्लॅट घेतला असेल तर बिल आधीच्या मालकाच्या मेलवर तर जात नाही ना, एवढं तपासून घ्या.

शेवटी सोसायटीबद्दल, कारण वाद तिथूनच सुरू झाला. कमिटीची मुदत पाच वर्षांची असते. ग्रुप कुणा एकाच्या नंबरवर बांधलेला असतो, पत्रव्यवहार सेक्रेटरीच्या खासगी मेलवर, आणि निवडणुकीनंतर दोन्ही त्याच्याबरोबर निघून जातात. नव्या कमिटीला लिफ्टवाल्याशी काय करार झाला, बिल्डरने कोणती कामं करून देतो म्हटलं होतं, काहीच कळत नाही. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला मूळ दोष दाखवून दिला तर रेरा कायद्याच्या कलम १४ नुसार तो विनामोबदला दुरुस्त करणं बिल्डरवर बंधनकारक आहे. ती पाच वर्षं आणि कमिटीची पाच वर्षं अनेकदा मागेपुढेच संपतात, आणि दोष कधी दाखवला याचा पुरावा कुणा माजी सेक्रेटरीच्या फोनमध्ये राहतो. तो माणूस गाव सोडून गेलेला असतो किंवा नव्या कमिटीशी बोलत नसतो.

वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते आणि तिची नोटीस चौदा दिवस आधी द्यावी लागते. या वेळच्या विषयपत्रिकेवर एक ठराव घ्या. सोसायटीच्या नावाचा एक मेल पत्ता असेल, त्याचा पासवर्ड चेअरमन, सेक्रेटरी आणि खजिनदार अशा तिघांकडे असेल, आणि कार्यभार सोपवताना शिक्का, चेकबुक, इतिवृत्ताची वही यांच्या यादीत त्या मेलचीही नोंद होईल. नोटीस, हिशेब, ठराव, बिल्डरशी आणि नगरपरिषदेशी होणारा सगळा व्यवहार त्या पत्त्यावरून. ग्रुपवर फक्त एवढं लिहावं की मेल पाठवला आहे, बघून घ्या. ज्या सभासदांकडे मेल नाही, जे थकलेले आहेत, ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही, त्यांच्या घरी कागद पोचवावा आणि पोच म्हणून सही घ्यावी.